मदत हवी आहे: १९९८ ची कार्ब्युरेटर झेन, गरम झाल्यावर मिसिंग. व्हॅक्यूम पाइप बदलावेत की इग्निशनच तपासत राहावे?

नमस्कार.

माझ्याकडे १९९८ सालची, मुंबई पासिंगची मारुती झेन आहे. ९९३ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन, कार्ब्युरेटर, एसी आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असलेली ही गाडी आता पुण्यात असते. इंजिन गरम झाले की आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन चालू असताना) मिसिंग, म्हणजे एखाद्या फेरीत पेट्रोल न पेटणे, सुरू होते, सायलेन्सरमधून अनियमित ‘फट् फट्’ असा आवाज येतो आणि सिग्नलला उभे असताना गिअरच्या दांड्यापर्यंत थरथर जाणवते. एसी लावला की इंजिन बंद पडण्याच्या बेतात येते. अ‍ॅक्सिलरेटर थोडा दाबला की मात्र हा सगळा त्रास नाहीसा होतो आणि चालत्या गाडीत पिकअपबद्दल तक्रार करायला जागा उरत नाही. सकाळी थंड इंजिन चोकवर असतानाही गाडी शहाण्यासारखी चालते.

गॅरेजमध्ये आतापर्यंत प्लग, हाय टेन्शन केबल, डिस्ट्रिब्युटरची कॅप आणि रोटर एवढे बदलून झाले आहे, फरक शून्य. आता कॉइल बदलू आणि कार्ब्युरेटर पूर्ण उघडून साफ करू, असे सुचवले जात आहे. मिसिंग म्हटले की आधी प्लग, मग केबल, मग कॉइल असा खर्च करत जाण्याची आपल्याकडची रीत मला पटत नाही. ठिणगी चांगली पडत असूनही मिश्रणच पेट घेण्याजोगे नसेल, तर नवी कॉइल काय करणार?

माझा संशय हवेच्या गळतीवर आहे आणि त्याचा पहिला पुरावा म्हणजे पीयूसीची पावती. आयडलिंगला कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन १,७४० पीपीएम असे आकडे आले. बीएस-२ (भारत स्टेज-२) या उत्सर्जन निकषांच्या आधीच्या पेट्रोल मोटारींसाठी मर्यादा अनुक्रमे ३ टक्के आणि १,५०० पीपीएम आहे, म्हणजे गाडी नापास झाली ती हायड्रोकार्बनवर. न जळलेले पेट्रोल भरपूर आणि कार्बन मोनॉक्साइड मात्र नगण्य, याचा अर्थ मी असा लावतो की मिश्रणात पेट्रोल कमी पडते आहे आणि हवा इतकी जास्त आहे की एखाद्या फेरीत ते पेटतच नाही, जसेच्या तसे बाहेर जाते. केंद्रावरच्या माणसाने मिक्स्चर स्क्रू उघडून दिला, दुसऱ्या तपासणीत गाडी पास झाली आणि थरथरही थोडी कमी झाली. पण हा इलाज नव्हे. गळती तशीच ठेवून वरून पेट्रोल वाढवायचे आणि अ‍ॅव्हरेजवर पाणी सोडायचे, असा तो प्रकार आहे. तो स्क्रू मी पुन्हा पूर्वीच्या जागी आणून ठेवला आहे.

त्यानंतर घरीच काही तपासण्या केल्या. एअर क्लीनरचे झाकण काढून, गरम इंजिन आयडलिंगला ठेवून, कार्ब्युरेटरच्या तोंडावर जाड पुठ्ठा अर्धवट सरकवला. हवा अडताच, म्हणजे एका अर्थाने चोक देताच, इंजिन सुरळीत चालू लागले आणि पुठ्ठा काढताच पुन्हा अडखळू लागले. दुष्काळ पेट्रोलचा आहे हे त्यावरून मला तरी स्पष्ट वाटते. मग मॅनिफोल्डला (कार्ब्युरेटरमधून सिलिंडरकडे मिश्रण नेणाऱ्या भागाला) व्हॅक्यूम गेज जोडला. समुद्रसपाटीला निरोगी इंजिन आयडलिंगला साधारण १७ ते २१ इंच पारा दाखवते आणि दर हजार फूट उंचीमागे त्यातून सुमारे एक इंच वजा करावा लागतो. पुण्याची उंची साडेअठराशे फुटांच्या आसपास आहे, तेव्हा येथे १५ ते १९ इंच अपेक्षित धरावेत. माझ्या गाडीत काटा १३ वर आहे आणि अधूनमधून हलका थरथरतो; ठरावीक तालात खाली झटका देत नाही, त्यामुळे जळलेल्या व्हॉल्व्हची शंका मी तूर्त बाजूला ठेवली आहे.

एकेक सिलिंडर बंद करून पाहण्याची तपासणीही झाली. इलेक्ट्रॉनिक इग्निशन असल्यामुळे चालू इंजिनाची केबल उपटून हवेत धरली नाही, तर प्रत्येक वेळी इंजिन बंद करून त्या सिलिंडरची केबल एका जुन्या प्लगला लावली, तो प्लग इंजिनाच्या धातूला घट्ट टेकवून बांधला आणि पुन्हा सुरू केले. चारही सिलिंडरच्या वेळी आरपीएम जवळपास सारखेच पडले. म्हणजे मिसिंग एका सिलिंडरला चिकटलेले नाही, ते फिरते आहे.

आता पाइपांची अवस्था. बहुतेक सगळे गाडीबरोबर आलेले आहेत. डिस्ट्रिब्युटरच्या व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्सकडे (ठिणगीची वेळ अलीकडे आणणाऱ्या यंत्रणेकडे) जाणारी बारीक नळी वाळलेल्या चामड्यासारखी कडक झाली असून वाकवली की बाहेरच्या बाजूला बारीक चिरा उघडतात. कोणीतरी पूर्वी एक जोड ग्लुकोजच्या सलाइनच्या नळीचा तुकडा घालून केला आहे. ती पिवळी पडून निपलवर सैल फिरते. सगळे पाइप एकदम बदलावेत की आधी गळती शोधून तेवढाच बदलावा? बाजारात रंगीत सिलिकॉन नळी मीटरवर मिळते, ती सगळीकडे चालेल का? आणि इंटरनेटवर सुझुकी अल्टो या नावाने सापडणारे व्हॅक्यूमचे नकाशे आपल्या झेनला लागू पडतात का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

आपला अंदाज योग्य दिशेने आहे, फक्त पीयूसीच्या पावतीवर एवढी भिस्त ठेवू नका. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर थोडाफार जरी काम करत असेल तरी कार्बन मोनॉक्साइड कमीच दिसतो. पुठ्ठ्याची तपासणी आणि गेजचा आकडा हे पुरावे अधिक भक्कम आहेत. आयडलिंगला थ्रॉटल (अ‍ॅक्सिलरेटरने उघडणारी कार्ब्युरेटरमधली झडप) जवळजवळ मिटलेला असतो, त्यामुळे एखाद्या फाटक्या नळीतून येणारी हवा एकूण हवेच्या मानाने मोठी ठरते. थ्रॉटल उघडला की मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम उतरतो आणि तीच गळती किरकोळ होते. वेगात त्रास का जात असावा, याचे उत्तर हेच आहे.

मात्र एक फरक ध्यानात घ्या. डिस्ट्रिब्युटरची नळी थ्रॉटलच्या पातेच्या वरच्या छिद्रातून येत असेल, तर आयडलिंगला तिच्यात व्हॅक्यूमच नसतो. ती फुटली तर अ‍ॅडव्हान्स मिळणार नाही, अ‍ॅव्हरेज आणि पिकअप बिघडेल, पण उभ्या गाडीची थरथर तिच्यामुळे होणार नाही. ती बदलाच, पण गुन्हेगार म्हणून तिच्याकडे बोट दाखवून थांबू नका. नळीचे कार्ब्युरेटरकडचे टोक काढून तोंडाने ओढा आणि जीभ लावून धरा. ओढलेली हवा टिकली तर डायफ्रॅम (व्हॅक्यूमने ओढला जाणारा आतला पडदा) शाबूत आहे. कॅप काढून ठेवली असेल तर आतली प्लेट सरकतानाही दिसेल.

आयडलिंगचे खरे संशयित म्हणजे थेट मॅनिफोल्डवरून निघणाऱ्या शाखा: ब्रेक बूस्टर (पेडलला जोर देणारा), पीसीव्ही (इंजिनाच्या पोटातली वाफ मॅनिफोल्डकडे नेणारा व्हॉल्व्ह), आणि एसी लावल्यावर आरपीएम चढवणारा डायफ्रॅम व त्याचा सोलेनॉइड (विजेवर चालणारी झडप). मॅनिफोल्डच्या निपलवरून एकेक नळी काढून तेथे रबरी टोपी घाला आणि इंजिन ऐका. ज्या शाखेला टोपी बसताच आयडलिंग सुधारते आणि गेजचा काटा चढतो, ती शाखा गळकी. बूस्टरची नळी बंद करून गाडी जागची हलवायची नाही, हे सांगायला नको. पीसीव्हीला टोपी लावल्यावर मिश्रण मुळातच थोडे बदलते, तेव्हा तेथे जरासा फरक दिसला तर तो गळतीचा समजू नये.

काही लोक कार्ब्युरेटर क्लीनर फवारून गळती शोधतात. गरम एक्झॉस्ट मॅनिफोल्डशेजारी तो प्रकार मी कोणालाही सुचवणार नाही. फवारायचेच असेल तर डिस्ट्रिब्युटर झाकून, बारीक धारेने पाणी मारा. भेगेवर पाणी पडले की ती क्षणभर बुजते आणि इंजिनाचा सूर बदलतो.

नळीबद्दल सांगायचे तर सिलिकॉन उष्णता उत्तम सोसते, पण पेट्रोलच्या आणि तेलाच्या वाफेने फुगते. नुसती हवा असलेल्या सिग्नलच्या बारीक नळ्यांना ती चालेल; पीसीव्ही आणि चारकोल कॅनिस्टरच्या (पेट्रोलची वाफ शोषणाऱ्या डब्याच्या) मार्गावर मात्र नायट्राइल रबराची किंवा त्याहून चांगली, इंधनासाठी बनवलेलीच नळी हवी. ब्रेक बूस्टरला आत दोरा विणलेली, जाड भिंतीची, त्याच कामासाठीची नळी घ्यावी, कारण साधी नळी व्हॅक्यूमने चपटी होते आणि नेमक्या वेळी पेडल दगडासारखे लागते. तेथला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह काढण्यापूर्वी त्याची दिशा टिपून ठेवा. बूस्टरमधली हवा मॅनिफोल्डकडे जाऊ शकली पाहिजे, उलटी येता कामा नये.

सगळे पाइप बदला, पण एका वेळी एकच काढून लगेच त्याच जागी नवा लावा आणि सुरुवातीला फोटो काढा. जुनी नळी फेकण्याआधी ती बोटांनी चाचपून पाहा. काही नळ्यांत बारीक छिद्राचा पितळी किंवा प्लॅस्टिकचा रिस्ट्रिक्टर बसवलेला असतो आणि जुन्या नळीबरोबर तोही कचऱ्यात जातो. मग सगळे नवे असूनही गाडी विचित्र का वागते, हे कोणालाच कळत नाही. अल्टोच्या नकाशांचा उपयोग नाही. आपली झेन युरोपात त्या नावाने विकली गेली हे खरे, पण तेथे तिला इंधन इंजेक्शन होते. बॉनेटखालचे स्टिकर शिल्लक असेल तर तोच खरा नकाशा.

प्रतिसाद २

वरील सर्व मुद्दे मान्य. एक पुस्ती जोडतो. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते आणि ते पूर्ण जाळण्यास हवेच्या मानाने इंधन साधारण ७ ते ८ टक्के जास्त लागते. इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर ते सांभाळून घेतो. कार्ब्युरेटरचा जेट १९९८ मध्ये होता तेवढाच राहतो. म्हणजे गळती नसतानाही ही गाडी थोडी लीन, म्हणजे कमी पेट्रोलच्या मिश्रणावर, चालणारच. म्हणून गळती पूर्ण बंद झाल्यावर मिक्स्चर स्क्रू किंचित उघडणे गैर नाही. क्रम तेवढा पाळावा.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. टोप्या लावून पाहिल्या. बूस्टरची शाखा बंद केली तेव्हा काहीच बदल झाला नाही. एसीच्या शाखेला टोपी लावताच काटा १३ वरून साडेपंधरावर गेला. सलाइनच्या नळीचा जोड याच शाखेवर होता, आणि त्यापुढे सोलेनॉइडकडे जाणारी मूळ नळी वळणावर खालच्या बाजूने नखभर फाटलेली निघाली. वरून ती अगदी धड दिसत होती, आरसा खाली धरल्यावरच चीर दिसली. आपण बजावल्याप्रमाणे जुनी नळी चाचपली, तर तिच्या एका टोकात खरोखरच पितळी रिस्ट्रिक्टर होता. तो साफ करून नव्या नळीत बसवला. बूस्टरची सोडून बाकी सगळ्या नळ्याही बदलल्या.

आता एसी लावल्यावर इंजिन बंद पडत नाही, उलट आरपीएम अपेक्षेप्रमाणे चढतात. मिक्स्चर स्क्रूला अद्याप हात लावलेला नाही. काटा मात्र साडेपंधरावरच अडला आहे, आणि इंजिन खूप तापल्यावर, विशेषतः घाट चढून आल्यानंतर, मिसिंग अधूनमधून अजूनही डोकावते. कार्ब्युरेटरच्या बुडाशी पाण्याची धार मारली असता सूर किंचित बदलल्यासारखा वाटला. आता कॉम्प्रेशन तपासावे की कार्ब्युरेटर उतरवावा?

प्रतिसाद १

उतरवण्यापूर्वी थंड इंजिनावर कार्ब्युरेटरच्या बुडाचे नट तपासा; इतक्या वर्षांत ते ढिले होतात. आवळताना आळीपाळीने, थोडे थोडे आवळा, एकाच कोपऱ्यावर जोर दिला तर बूड वाकते. तेवढ्याने काटा चढला नाही, तर खालचा इन्सुलेटर काढून त्यावर पोलादी पट्टी उभी धरा आणि उजेडाकडे पाहा. पट्टीखालून फट दिसली तर इन्सुलेटर आणि दोन्ही बाजूंची पॅकिंग नवी घाला; गॅस्केट सोल्युशन थापून वेळ मारून नेऊ नका, ते पेट्रोलने विरघळून आत जाते. तापल्यावरच त्रास होतो यावरून मला हीच शक्यता अधिक वाटते.

कार्ब्युरेटर हातात आहे तोवर थ्रॉटलचा दांडा बोटांनी वरखाली हलवून पाहा. त्यात खेळ जाणवला तर हवा तेथूनही आत येते आणि ती कोणत्याही पाइपाने थांबणार नाही. लेथवर बुश बसवून घ्यावा लागेल. कॉम्प्रेशन सवडीने तपासले तरी चालेल, कारण चारही सिलिंडर सारखे काम करत असल्याचे आपण आधीच पाहिले आहे. कॉइलचे पैसे मात्र तूर्त खिशातच राहू द्या.