शब्दचर्चा: रोख्यांमधले ‘कार्बन एक्स्पोजर’

विचारणा: रोखे फंडाच्या माहितीपत्रकात ‘कार्बन एक्स्पोजर घटवले’ असे आहे. मराठीत ‘कार्बन जोखीम’ चालेल का?

प्रतिसाद: नको. जोखीम म्हणजे पुढे होऊ शकणारे नुकसान. माहितीपत्रकातल्या तक्त्यात असते ते कंपन्यांचे झालेले उत्सर्जन. तिथे बहुधा भारित सरासरी कार्बन तीव्रता दिलेली असते: कंपनीचे उत्सर्जन भागिले उलाढाल, गुणिले संचातला (फंडाच्या एकूण गुंतवणुकीतला) तिचा हिस्सा, मग सगळ्यांची बेरीज. म्हणून ‘कार्बन तीव्रता’ लिहा, आणि एकक गाळू नका. बाजार नियामक सेबीने ठरवून दिलेल्या बीआरएसआर अहवालात (कंपन्यांचा व्यवसाय-जबाबदारी व शाश्वतता अहवाल) तीव्रता रुपयांतल्या उलाढालीवर असते, परदेशी तक्त्यांत दर दहा लाख डॉलरवर. दोन्ही एकाच रकान्यात आली की सरासरी निरर्थक ठरते.

समजा, कोळशावरच्या वीजकंपनीची तीव्रता दर दहा लाख डॉलर उलाढालीवर ४,००० टन आणि हिस्सा ५ टक्के. उरलेल्या ९५ टक्क्यांची ५०. बेरीज २४७.५, त्यातले २०० त्या एकाच कंपनीचे. आकडा घटवायला सगळा संच ढवळायची गरज नसते, हे इथे दिसते.

दुसरा प्रतिसाद: तीव्रता हे गुणोत्तर झाले. आपल्या पैशाच्या वाट्याला किती टन आले, हे सांगायचे तर ‘कार्बन भार’ बरा. त्यासाठी रोख्यांतली येणे रक्कम (इंग्रजीत ‘आउटस्टँडिंग’) भागिले कंपनीचे एकूण मूल्य (समभागांचे बाजारमूल्य अधिक कर्ज, रोकड वजा न करता), गुणिले उत्सर्जन. इथे ‘आउटस्टँडिंग’ला ‘थकीत’ अजिबात लिहू नका; वाचकाला वाटेल कंपनीने पैसे बुडवले. शिवाय शेअरचा भाव चढला की धुराडे तसेच राहूनही हा भार उतरतो, ही तळटीप हवीच.

तिसरा प्रतिसाद: ‘घटवले’ हे क्रियापदही तपासा. वीजकंपनीचे दीर्घ मुदतीचे रोखे विकून सरकारी रोखे घेतले आणि त्यांची तीव्रता शून्य धरली, तर आकडा केवळ हिशेबात घसरतो. सरकारी रोख्यांचा हिशेब देशाच्या उत्सर्जनावरून, वेगळ्या ओळीत द्यावा. रोखे न विकता त्यांची मुदत भरू देऊन त्या कंपनीत पुन्हा पैसे गुंतवले नसतील, तर तसे स्पष्ट लिहावे. रोखेधारकाला भागधारकासारखे मत नसते. नवे कर्ज नाकारणे हाच त्याचा खरा दाब.

‘हरित रोखा’ही जपून वापरा. केंद्र सरकारने पहिले हरित रोखे जानेवारी २०२३ मध्ये काढले. त्यांतला पैसा ठरावीक प्रकल्पांना जातो, पण रोखे काढणाऱ्याचे एकूण उत्सर्जन त्यामुळे आपोआप बदलत नाही.

माहितीपत्रकासाठी वाक्य: ‘कंपनी रोख्यांची भारित कार्बन तीव्रता घटली, सरकारी रोखे यात धरलेले नाहीत.’