बोटीत ट्रायपॉड नकोच

पहाटेच्या अंधारात ट्रायपॉडशिवाय (कॅमेऱ्याच्या तिवईशिवाय) लाव्हाचा फोटो टिपताच येत नाही, असं म्हणतात. जमिनीवर ठीक आहे, समुद्राला मिळणारा लाव्हा बोटीतून टिपताना मात्र उलटं होतं. इंजिनाची थरथर ट्रायपॉडच्या पायांतून थेट कॅमेऱ्यात चढते. माझे सुरुवातीचे सगळे फोटो असेच हलले. मग गुडघे सैल सोडून कॅमेरा हातातच धरला, शटर १/५०० सेकंद, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १६००. लाव्हा स्वतःच उजेड देतो, त्यामुळे एवढ्यावर भागतं. उलट काळ्या समुद्रामुळे कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा मीटर फसतो आणि लाव्हा पांढराफटक येतो, म्हणून एक्स्पोजर एक-दीड स्टॉप (एक स्टॉप खाली म्हणजे निम्मा प्रकाश) खाली ठेवायचं. आभाळ उजळू लागलं की मात्र दहा-पंधरा मिनिटांत लाव्हाची लाली फिकी पडते, तेव्हा अंधारातच पोचलेलं बरं.

वाफेचाही विषय काढायला हवा. हवाईत किलाउएआ ज्वालामुखीचा लाव्हा २०१८ पर्यंत समुद्राला मिळायचा, तिथला पांढरा ढग म्हणजे नुसती वाफ नव्हती. अशा ढगात हायड्रोक्लोरिक आम्ल आणि काचेचे बारीक कण असतात. लेन्स कोरड्या कापडाने पुसली की ओरखडे पडलेच, आधी फुंकणीने कण उडवायचे. वाऱ्याच्या वरच्या अंगाला राहायचं, आणि लांबही. १६ जुलै २०१८ च्या पहाटे तिथेच स्फोटात उडालेला लाव्हाचा गोळा एका बोटीचं छप्पर फोडून आत आला, २३ जण जखमी झाले. लांबून टिपणारी ७०-२०० मिमीची झूम लेन्स त्यासाठीच.