'सौम्य अर्बुद' म्हणजे नक्की किती सौम्य?

कोथरूडकर:
मावसभावाच्या खालच्या जबड्यातल्या गाठीचा रिपोर्ट आला: अमेलोब्लास्टोमा. टिळक रोडवरचे डॉक्टर म्हणाले, "साधी गाठ आहे, कॅन्सर नाही." मावशीने घरी येऊन देवापुढे साखर ठेवली. मग कळलं की जबड्याचं हाडही कापायचंय. साधी आहे तर हाड कशाला, हे ती अजून विचारतेय. कोशात 'बिनाइन ट्यूमर'ला 'सौम्य अर्बुद' दिलंय. याहून नेमका शब्द आहे का?

दाढदुखे (पेशाने दंतवैद्य):
'सौम्य'चा अर्थ इतकाच, की गाठ सहसा शरीरात दुसरीकडे पसरत नाही. जागच्या जागी ती हाड पोखरतच असते. दुखत नाही, म्हणून माणूस येतो तोवर गाल एका बाजूने फुगलेला असतो. ओपीजीत (संपूर्ण जबड्याच्या एक्स-रेत) साबणाच्या फेसासारखे कप्पे दिसतात, पण ते इतर गाठींतही दिसतात. तुकडा तपासल्याशिवाय नाव ठरत नाही. नुसती खरवडली तर बऱ्याचदा परत येते, कारण पेशी आजूबाजूच्या हाडात शिरलेल्या असतात. म्हणून १-२ सेंटीमीटर चांगलं हाडही सोबत काढतात. मोठी पोकळी राहिली तर पायाच्या बारीक हाडाने जबडा पुन्हा उभारतात.

खरी गरीब गाठ म्हणजे ओडोन्टोमा. २०१४ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात एका मुलाच्या जबड्यातून २३२ दातुकले निघाले होते, ती हीच. काढली की सहसा विषय संपतो. कागदावर मात्र दोघी 'सौम्य'च!

सदाशिवपेठी:
'सौम्य' टाका, 'अर्बुद' ठेवा. सुश्रुताने ग्रंथी आणि अर्बुद वेगळे सांगितलेत. अर्बुद गोल, न हलणारं, कमी दुखणारं, खोल मुळाचं, सावकाश वाढणारं, न पिकणारं. आधीच्यावर दुसरं उठलं तर 'अध्यर्बुद'. आपली 'गाठ' ही 'ग्रंथी'चीच लेक. (अबूचा पहाडही मूळचा अर्बुद, पण ते असो.)

कोथरूडकर:
मावशीला 'अर्बुद' म्हटलं तर ती अंथरूणच धरेल. काल मी सांगितलं, "कॅन्सर नाही, वाळवी आहे. चौकटीच्या लाकडासकट काढावी लागते." तिला पटलं.

दाढदुखे:
वाळवी झकास. सोमवारी ओपीडीत वापरतो.

सदाशिवपेठी:
वाळवी बाहेरून येते. ही गाठ दात घडवणाऱ्या पेशींच्या अवशेषांतून, म्हणजे घरातूनच उठते. उपमा चुकली.

कोथरूडकर:
मान्य. फक्त मावशीला सांगू नका.