एकत्रित ताळेबंद जुळतोय, पण गुडविलऐवजी कॅपिटल रिझर्व्ह येतोय

खतावणी:
एम.कॉम. भाग १, अ‍ॅडव्हान्स्ड अकाउंटिंग. होल्डिंग कंपनीने (ताबा घेणारी) 1 जुलै 2023 ला सबसिडिअरीचे (ताब्यात आलेली कंपनी) 80% शेअर्स 5,20,000 ला घेतले. 31 मार्च 2024 ला सबसिडिअरीचं भांडवल 5,00,000, जनरल रिझर्व्ह 70,000 (1 एप्रिलला 50,000), नफा-तोटा खातं 1,40,000 (1 एप्रिलला 40,000). 7,10,000 च्या 80% म्हणजे 5,68,000 धरले, तर कॅपिटल रिझर्व्ह (वाट्यापेक्षा कमी दिलेली किंमत) 48,000 येतो. पुस्तकात उत्तर गुडविल (वाट्यापेक्षा जास्त दिलेली किंमत) 24,000 आहे. ताळेबंद दोन्ही बाजूंनी जुळतो, मग चुकतंय कुठे?

जमाखर्च:
ताळेबंद जुळला म्हणजे उत्तर बरोबर, असं या प्रकरणात कधीच धरू नका. खरेदीनंतरच्या नफ्यातला होल्डिंगचा 72,000 चा वाटा तुम्ही एकत्रित नफा-तोटा खात्याऐवजी खरेदीच्या हिशोबात घातलात. त्यातले 48,000 देण्यांच्याच बाजूला कॅपिटल रिझर्व्ह म्हणून राहिले आणि उरलेल्या 24,000 मुळे मालमत्तेच्या बाजूचं गुडविल नाहीसं झालं; दोन्ही बाजू सारख्याच कमी झाल्या, म्हणून ताळेबंद जुळला.

आधी वर्षाचा नफा काढा: 1,40,000 − 40,000 = 1,00,000, अधिक रिझर्व्हला वर्ग केलेले 20,000, म्हणजे 1,20,000. एप्रिल ते जून हे तीन महिने खरेदीआधीचे: 30,000. उरलेले 90,000 नंतरचे.
खरेदीआधीचा नफा: 50,000 + 40,000 + 30,000 = 1,20,000; त्याचे 80% म्हणजे 96,000.
गुडविल: 5,20,000 − (4,00,000 + 96,000) = 24,000.
मायनॉरिटी इंटरेस्ट (सबसिडिअरीतल्या बाकीच्या भागधारकांचा वाटा): 7,10,000 च्या 20% = 1,42,000. इथे आधी-नंतर असा भेद नसतो, म्हणून ही रक्कम तुमचीही बरोबर आली असणार.
पडताळा: 4,96,000 + 72,000 + 1,42,000 = 7,10,000.

ते 20,000 परत मिळवायला विसरून सगळं जनरल रिझर्व्ह खरेदीआधीचं धरलं, तर गुडविल 12,000 येतं. पेपरात हे हमखास दिसतं.

खतावणी:
समजलं, धन्यवाद. नफा नेहमी महिन्यांच्या प्रमाणातच वाटायचा का?

जमाखर्च:
प्रश्नात वेगळं काही दिलं नसेल तर हो. पण आगीचं नुकसान वगैरे ठराविक तारखेचं असेल तर ते आधी नफ्यात परत मिळवा, उरलेला नफा महिन्यांवर वाटा आणि नुकसान ज्या काळात झालं त्याच काळात वजा करा.

रोजकीर्द:
लाभांशाकडेही लक्ष असू द्या. सबसिडिअरीने ऑगस्टमध्ये 2022-23 चा लाभांश वाटला असेल, तर होल्डिंगने तो नफा-तोटा खात्यात जमा केलेला असतो. तिथून काढून गुंतवणुकीच्या किमतीतून वजा करा आणि सबसिडिअरीच्या सुरुवातीच्या शिलकेतूनही पूर्ण लाभांश वजा करा. दोन्ही केलं तर गुडविल बदलत नाही. एकच केलं तर बदलतं, आणि चूक शोधण्यात वेळ जातो.

एका कंपनीने दुसरीला विकलेल्या, पण अजून शिल्लक असलेल्या साठ्यातल्या नफ्याबद्दलही एक सांगतो. नफा ‘मूळ किमतीवर 25%’ असेल आणि होल्डिंगने विकलेला 60,000 चा माल सबसिडिअरीकडे शिल्लक असेल, तर नफा 60,000 × 25/125 = 12,000. बरेच जण 15,000 लिहितात. विक्री होल्डिंगने केली असेल तर पूर्ण रक्कम होल्डिंगच्या नफ्यातून वजा करा. सबसिडिअरीने केली असेल तर त्यातला 20% वाटा मायनॉरिटी इंटरेस्टमधून वजा करा.