कंट्रोल-लाइन कॉम्बॅट विजेवर आणायला हरकत कसली?

दोरखंड (धागाकर्ता)

तारांना बांधून वर्तुळात उडवायच्या मॉडेल विमानांच्या कसरतींच्या प्रकारात, म्हणजे एफ२बीत, विजेची मोटार दिसली तर आता कोणी वळूनही पाहत नाही. वेगाच्या स्पर्धांत विजेसाठी एफ२जी हा स्वतंत्र प्रकारच आहे. कॉम्बॅटचा विषय काढला की मात्र लगेच नाकं मुरडली जातात.

नवख्यांसाठी थोडक्यात: एकाच वर्तुळात दोन पायलट, प्रत्येकाच्या हँडलपासून विमानापर्यंत दोन पोलादी तारा, विमानामागे क्रेप कागदाचा स्ट्रीमर. समोरच्याचा स्ट्रीमर आपल्या विमानाने कापायचा, प्रत्येक कापाला १०० गुण. आंतरराष्ट्रीय पातळीवर या कॉम्बॅटला एफ२डी म्हणतात; सामना ४ मिनिटांचा, इंजिन २.५ सीसीपर्यंत. तारांची त्रिज्या १५.९२ मीटर, म्हणजे एक फेरी जवळजवळ बरोब्बर १०० मीटरची आणि १० फेऱ्यांचा १ किलोमीटर.

एफ२डीला हात लावा असं मी म्हणत नाही. वेगमर्यादा घातलेलं कॉम्बॅट विजेवर न्या, एवढंच मागणं आहे. अमेरिकेत ताशी ७५ मैलांची मर्यादा असलेला प्रकार उडवतातच. ताशी १२० किलोमीटर धरा. एफ२डीच्या त्रिज्येवर १० फेऱ्यांना ३० सेकंद. घड्याळ घेऊन कोणीही तपासावं.

नायट्रोकाका

मर्यादेच्या आड का लपताय? खऱ्या वेगाचा हिशोब मांडा की. चांगलं एफ२डी विमान फेरीला २ सेकंदांच्या आसपास घेतं, म्हणजे ताशी १८० किलोमीटर. मोटारीला सरासरी ५०० वॉट धरा, तेही हात आखडून. ५ मिनिटं चालवायला जवळपास ४२ वॉट-तास लागतील. लायपो बॅटरीत किलोमागे १५० वॉट-तास मिळतात असं मानलं, तर २८० ग्रॅमची नुसती बॅटरी झाली. त्यावर मोटार आणि तिचा वेग सांभाळणारा ईएससी. इकडे इंजिन आणि भरलेली टाकी मिळूनही तेवढं वजन होत नाही, आणि इंधन तर जळत जातं, शेवटच्या मिनिटाला विमान उलट हलकं होतं. तुमची बॅटरी शेवटपर्यंत तेवढीच जड. जड विमान घट्ट वळत नाही, आणि कॉम्बॅट म्हणजे दुसरं आहे काय?

दोरखंड

आकड्यांवर वाद नाही. म्हणूनच तर मर्यादा म्हटलं! हवेचा अवरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, लागणारी शक्ती घनाने. १८० वरून १२० वर आलात की शक्ती साधारण तीनदशांशावर येते. २०० वॉट पुरेशी धरली तर ५ मिनिटांना १७ वॉट-तास, म्हणजे ११०-११५ ग्रॅम.

व्होल्टमीटर

बॅटरी पार पिळून काढायची नसते. वीस टक्के शिल्लक ठेवा, १४० ग्रॅम धरा. तरी जमतं. आणि सततच्या घिरट्यांत हवेचा अवरोध वाढतो, तेव्हा सरासरी २०० हा आकडा मला जरा आशावादी वाटतो. पण धाग्याच्या मुद्द्याशी सहमत.

पिटमन

वजनाचं गणित ज्याला करायचं त्याने करावं. मला बोटांची काळजी आहे.

वर्तुळात माझं काम पायलटचं नाही. विमानं एकमेकांत अडकून खाली आली की धावत जायचं, तारा सोडवायच्या, स्ट्रीमरचे तुकडे काढायचे, इंजिन पुन्हा सुरू करून विमान सोडायचं. जमिनीवरच्या प्रत्येक सेकंदाला गुण जातात, त्यामुळे कोणीच सावकाश काम करत नाही. थांबलेलं ग्लो इंजिन, म्हणजे आपलं नेहमीचं इंधनाचं, गरम असतं, चटका देतं, पण प्रॉपला (पंख्याला) धक्का दिल्याशिवाय ते फिरणार नाही. बॅटरी जोडलेली मोटार थांबलेली दिसते, एवढंच. आत वायर चेपली असेल, मोटार चालू-बंद करणाऱ्या टायमरला धडकेने काही झालं असेल, तर ती कधी फिरेल ते मला बाहेरून कळणार कसं?

दुसरं म्हणजे आउटरनर मोटारीचं बाहेरचं कवचच फिरतं. तार नाहीतर स्ट्रीमरची दोरी त्यावर गुंडाळली की सुटत नाही. शिवाय आत ताकदवान चुंबक, मातीतला लोखंडाचा कीस बरोबर ओढून घेतात.

आणि नाकावर आपटून चेपलेली लायपो? ती लगेच पेटेलच असं नाही. दहा मिनिटांनी तुमच्या पेटीतही पेटू शकते.

व्होल्टमीटर

यातल्या बऱ्याच गोष्टींवर तोड आहे. बॅटरीच्या वायरीत एक प्लग ठेवायचा, बाहेरच्या पंखावर, प्रॉपपासून लांब. विमानाला हात लावण्याआधी तो उपटायचा. प्रॉप अडला की करंट एकदम चढतो, तो ओळखून ईएससी मोटार बंद करू शकतो. बॅटरी नाकात कोंबण्याऐवजी पंखाच्या आत फोमच्या कप्प्यात बसवायची, चेपलेली दिसली की सरळ बाद.

नायट्रोकाका

आणि तारा तुटून विमान सुटलं तर? एफ२डीत इंजिन बंद करणारी यंत्रणा सक्तीची आहे. तारांची ओढ गेली की स्प्रिंग इंधनाची नळी दाबते, खेळ खलास. तुम्ही तिथे काय लावणार, मोबाइलचं अ‍ॅप?

व्होल्टमीटर

बेलक्रँकवर, म्हणजे तारा जिथे विमानात जोडतात त्या तरफेवर, मायक्रोस्विच, काका. ओढ गेली की सिग्नल ईएससीला. खरी अडचण वेगळीच आहे. डोक्यावरच्या झटापटीत तारा क्षणभर सैल पडतातच. नळी दाबली तरी इंजिनाकडच्या बाजूला थोडं इंधन उरतं, त्यामुळे त्याला आपोआप सवलत मिळते. मोटार मात्र तत्काळ थांबेल आणि पायलटला नाहक खाली यावं लागेल. म्हणून विलंब घालावा लागतो. अर्ध्या सेकंदात १२० च्या वेगाचं सुटलेलं विमान साडेसोळा मीटर पुढे गेलेलं असेल. किती विलंब चालेल हे नियमात लिहावं लागेल, प्रत्येकाच्या मर्जीवर सोडून चालणार नाही.

धूरप्रेमी

इंधनातल्या एरंडेलाचा वास नाही, तर कॉम्बॅट कसलं!

रनवेबाहेर

वास राहू द्या, युरोपात इंधनात मिसळायच्या नायट्रोमिथेनवरच बंदी आलीय म्हणे. मग इलेक्ट्रिकशिवाय पर्याय कुठे उरतो?

नायट्रोकाका

अर्धवट माहिती. युरोपीय संघाच्या २०२१ पासून लागू झालेल्या नियमात सामान्य ग्राहकासाठी १६ टक्क्यांची मर्यादा आहे. एफ२डीच्या इंधनात नायट्रो १० टक्केच असतं. तयार इंधन घेणाऱ्याला काही फरक पडत नाही, घरी शुद्ध नायट्रो आणून मिसळणाऱ्याची पंचाईत होते. आवाजाचा मुद्दा काढला असतात तर मी गप्प बसलो असतो. मैदानं त्यापायीच जातात, सायलेन्सर लावूनही.

दोरखंड

हे काकांनीच लिहिलं, बरं झालं! आता वेगमर्यादेचं घ्या. ग्लो इंजिन वर्तुळात नेमक्या वेगावर ठेवणं किती कटकटीचं असतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. हवेत गेलं की आवर्तनं चढतात, हवामान बदललं की इंधनाची सुई पुन्हा जुळवावी लागते. मोटारीला गव्हर्नरने, म्हणजे आवर्तनं एकसारखी राखणाऱ्या सोयीने, आवर्तनं ठरवून द्या, ती १० फेऱ्यांना ३० सेकंदांच्या आसपास राहते.

नायट्रोकाका

आणि सामना सुरू झाल्यावर मिनिटभराने आवर्तनं हळूच वाढवायची, हेही गव्हर्नरला शिकवता येतं. पंच काय लॅपटॉप घेऊन उभे राहणार? ग्लो इंजिनात निदान लबाडी कानाला कळते.

व्होल्टमीटर

वेग सामन्याच्या मध्येही मोजावा लागेल, हे मान्य. आवर्तनं चढली तर मोटारीचा सूरही चढतो, कान तिथेही चालतात. त्याहून सोपं म्हणजे सगळ्यांना एकाच बनावटीचा टायमर, आयोजकांनी सामन्याआधी वाटलेला.

पिटमन

टायमर वाटा, प्रॉपही वाटा. माझी अट एकच. प्लग उपटल्यावर तो मेकॅनिकच्या हातात दिसला पाहिजे आणि तोपर्यंत दुसऱ्या कोणी विमानाला हात लावायचा नाही. पाच-सात सेकंद जातील. तेवढ्यापुरतं जमिनीवरच्या वेळेचं घड्याळ थांबवायला पंच तयार असतील, तर मी तारा सोडवायला येईन.

नायट्रोकाका

घड्याळ थांबवलं तर मुद्दाम आपटून दम खाणारे पायलट निघतील.

पिटमन

मग ती सवलत सामन्यात एकदाच द्या.