गोधडीचा काठ लहरतोय, सपाट बसत नाही

निळीचिंधी: ठिगळांचा वरचा थर जोडून तयार आहे, ४० × ५० इंच. अस्तर आणि भरण अजून लावलेलं नाही. चारही बाजूंनी ४ इंची सुती काठ हवाय. एका लांब बाजूला पट्टी लावून पाहिली: लांबलचक पट्टी खाली धरली, कडेकडेने टीप मारत गेले, शेवटी उरलेली कापली. आता जमिनीवर पसरली की मधला भाग सपाट, पण काठाला लाटा. इस्त्रीनेही जात नाहीत. उसवू का? शिवाय कापड किती लागेल? पन्हा (कापडाची रुंदी) ४४ इंच.

उरेबपट्टी: उसवाच. पट्टीत जादा कापड शिवलं गेलंय, ते इस्त्रीने कुठे जाणार? मशीनचे दाते खालचं कापड भराभर ओढतात, वरचं प्रेसर फूटखाली (कापड दाबून धरणाऱ्या पायाखाली) मागे राहतं. न मोजलेली पट्टी खाली असली की वाट्टेल तेवढी आत जाते. त्यातच ठिगळांची कड हाताळून सैल झालेली असते, म्हणून कड मोजून पट्टी कापायची नाही.

मोजायचं आतून: एकदा बरोबर मधोमध, मग दोन्ही लांब कडांपासून वीतभर आत एकेकदा. तिन्ही मापांची सरासरी घ्या. समजा ५०, ५०¼, ५०½ आलं, तर दोन्ही पट्ट्या ५०¼ इंचाच्या कापा. रुंदी ४½, कारण पाव-पाव इंच दोन्हीकडे शिलाईत जातो. पट्टीवर आणि गोधडीवर अर्ध्याची आणि पावाची खूण करून आधी त्या खुणांवर टाचण्या लावा, मग मधल्या. आता जे जास्त भरतंय (बहुधा गोधडीची कड) ते खाली ठेवून शिवा; तेच दाते फुगवटा हळूहळू जिरवतील. चुण्या दिसायला लागल्या तर थांबून तेवढंच उसवा.

दोन्ही लांब बाजू झाल्या की शिलाई काठाकडे दाबून इस्त्री, आणि त्यानंतरच आडवं माप. ते ४८ च्या आसपास यायला हवं (४० + ९ − १). वरच्या-खालच्या पट्ट्या त्या मापाच्या.

पन्हा४४: कापडाचं बोलायचं तर पट्ट्या उभ्या धाग्यात (कापडाच्या लांबीच्या दिशेने) कापा, तो कमी ताणतो. दीड मीटर घेतलंत तर चारही पट्ट्या शेजारी-शेजारी निघतात, जोड एकही नाही. आडव्यात (पन्ह्याच्या दिशेने) कापल्या तर ६ पट्ट्या कापून जोडाव्या लागतात, म्हणजे २७ इंच कापड. पाऊण मीटरमध्ये जेमतेम भागतं. पाचात भागेलसं वाटतं, पण तिरप्या जोडात दरवेळी साधारण साडेचार इंच जातात. गडद रंग असेल तर कापड आधी धुवून घ्या, रंग पांढऱ्या ठिगळांवर उतरतो आणि मग सहज निघत नाही.

कोपरे सरळच ठेवा. तिरपे (४५ अंशांत जोडलेले) कोपरे पट्टेरी कापडावरच शोभतात.

निळीचिंधी: आभार, उसवते. दुसरी एक गोधडी भरून, दोरे घालून पूर्ण झालीय. तिलाही असा काठ लावता येईल?

उरेबपट्टी: येईल, फक्त पट्ट्या दुप्पट लागतील. पुढची पट्टी गोधडीच्या पुढच्या बाजूवर सुलटी आत करून, मागची तशीच मागच्या बाजूवर, आणि सगळ्या थरांतून एकच टीप, टाका जरा लांब, ३ मिमीचा. मग दोन्ही पट्ट्या बाहेर उलटवा. मध्ये ४ इंच रुंद भरण सरकवा. ते जुन्या कडेला फक्त टेकलं पाहिजे, एकावर एक चढलं तर तिथे कायमचा उंचवटा राहतो. सांधा हाताने सैल टाक्यांनी जोडा, टाके आवळू नका. लांब बाजू संपवून मगच आडव्या घ्या. शेवटी काठातही धावदोऱ्याच्या दोन-तीन रांगा घाला. त्या नसतील तर धुतल्यावर भरण बाहेरच्या कडेला गोळा होतं.