आभाराची २२ कार्डं, हात दीड, वस्तू तीन: काय घेऊ?

घडीमोड
नमस्कार मंडळी. तीन महिन्यांपूर्वी जिन्यावरून पडले आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालंय, पण बोटांत अजून जोर नाही. दहा मिनिटं कात्री धरली की हात थरथरायला लागतो. मधल्या काळात कुणी माझी वेणी घातली, कुणी बँकेचे फॉर्म भरले, कुणी रात्री सोबतीला येऊन झोपलं. यादी करायला बसले तर २२ नावं निघाली. प्रत्येकाला हाताने केलेलं कार्ड द्यायचंय. पाच आठवडे हातात आहेत.

अट एकच: नवीन वस्तू जास्तीत जास्त तीन. तीन म्हणजे तीनच. माझ्या जुन्या हौसांची एक आख्खी पेटी माळ्यावर पडलीय आणि घरच्यांनी हात जोडलेत. घरात पोस्टर रंगांच्या बाटल्या, स्टीलची पट्टी, संपलेली बॉलपेनं आणि झेरॉक्सचा कागद आहे. जुन्या ऑफिसच्या कोऱ्या फायलीही कपाटभर आहेत, त्यांचा इथे काही संबंध नाही, पण कपाट उघडलं की आधी त्याच अंगावर येतात.

एक जाड कागद आणून ए४ मधोमध दुमडून पाहिला. घडीवर पांढऱ्या भेगा पडल्या. कागदच वाईट की माझं काही चुकलं?

चमकी
घडीमोडताई, लवकर बऱ्या व्हा! सरळ डाय-कटिंगचं मशीन घ्या. हँडल फिरवायचं, की फुलं-पानं-अक्षरं कापून बाहेर. त्यासोबत दहा-बारा डाय (म्हणजे कापायचे साचे), शाईचे तीन-चार पॅड, एम्बॉसिंग पावडर आणि हीट गन. एवढ्यावर कुणाचंही काम भागतं. माझ्याकडे ६० डाय आहेत, गेल्या वर्षी ८० कार्डं केली. लोक विचारतात कुठून आणलं!

टिपकागद
चमकी, त्यांनी तीन वस्तू म्हटलंय.

चमकी
मशीन ही एकच वस्तू झाली ना.

खिळे_जुळारी
बाई, कागद वाईट नाही, घडी आडवी पडली. छापखान्यात हयात गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कागदाला ग्रेन असतो, म्हणजे तंतू एका दिशेने लोळलेले असतात. घडी तंतूंच्या दिशेने घातली तर मऊ बसते, आडवी घातली तर तंतू मोडतात आणि भेग दिसते. ओळखायचं कसं? कागद न दुमडता दोन्ही बाजूंनी नुसता वाकवून बघा. जिकडून कमी विरोध करेल ती घडीची बाजू.

बाजारातला ए४ बहुतेक वेळा लांबीच्या दिशेने ग्रेन असलेला येतो. तो मधोमध दुमडून ए५ आकाराचं कार्ड केलं की घडी ग्रेनला आडवीच जाणार. तुमचं तेच झालं. त्याऐवजी ए४ आधी कापून दोन ए५ करा आणि मग प्रत्येक ए५ दुमडा. आता घडी ग्रेनबरोबर धावते, कार्ड ए६ म्हणजे १०५ × १४८ मिमीचं होतं आणि सी६ पाकिटात (११४ × १६२ मिमी) आरामात जातं. २२ कार्डांना ११ कागद लागतील. वाया जाणारे धरून १४ घ्या.

जाडी २०० ते २५० जीएसएम (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन). दुमडण्याआधी पट्टी लावून संपलेल्या बॉलपेनाने रेघ दाबा. अगदी पहिल्या दर्जाचा, अॅसिड-फ्री कागद घ्या. वर्तमानपत्राचा कागद किंवा फायलीचा पुठ्ठा याच्या वाटेला जाऊ नका, त्यात लिग्निन (लाकडातलं एक द्रव्य) राहिलेलं असतं, पिवळा पडतो.

निळी_शाई
छान माहिती. फक्त एक: रेघ दाबून जी खाच पडते ती घडीच्या आत राहिली पाहिजे. म्हणजे खाचेकडे दुमडायचं.

खिळे_जुळारी
उलट. दाबल्यावर मागच्या बाजूला जो उंचवटा येतो तो घडीच्या आत गेला पाहिजे. खाच बाहेर. तसं केलं की बाहेरच्या थरावर ताण कमी येतो.

निळी_शाई
मी वीस वर्षं खाचेकडे दुमडतेय. एकही कार्ड फाटलेलं नाही.

खिळे_जुळारी
पातळ कागदाला कसंही चालतं.

निळी_शाई
माझा कागद पातळ आहे हे तुम्हाला कसं कळलं?

खिळे_जुळारी
दहा कागद वजनकाट्यावर ठेवा. ए४ म्हणजे चौरस मीटरचा सोळावा भाग. दहांचं वजन १२५ ग्रॅम भरलं तर एक साडेबारा ग्रॅमचा, त्याला १६ ने गुणलं की २०० जीएसएम. करून सांगा.

टिपकागद
काका, हे वजनाचं भारी आहे. माझ्याकडे नावगाव नसलेल्या कागदांचा गठ्ठा पडलाय, आज मोजतो. (वाचनखूण साठवली.)

डिंक्या
कागदाचं झालं, आता डिंकाकडे वळा, कारण कार्डाचा खरा शत्रू तोच. मी एका मित्राच्या घरभरणीला कार्ड केलं होतं. रंगीत कागदाचं घर कापून पांढरा डिंक फासला, तोही सढळ हाताने. डिंकात पाणी असतं, कागद ते पितो आणि एका बाजूने फुगतो. सकाळी कार्डाची होडी झालेली. सरळ व्हावं म्हणून वर शब्दकोश ठेवला. संध्याकाळी कार्ड सरळ झालं होतं खरं, पण शब्दकोशाच्या मुखपृष्ठाला चिकटून. अजून तिथेच आहे, खिडकी आणि अर्धं दार.

तेव्हापासून फक्त डबल टेप. एक टेप ही तुमची पहिली वस्तू समजा.

अस्मानी
डबल टेपला +१. आणि कार्ड ए५ कापून मगच दुमडा, म्हणजे घडी फाटत नाही.

खिळे_जुळारी
हेच वर लिहिलंय.

अस्मानी
हो, मी अनुभवातून लिहिलं.

अवांतर
थोडं अवांतर. विकण्यासाठी छापलेलं पहिलं नाताळकार्ड १८४३ साली लंडनमध्ये निघालं. हेन्री कोल नावाच्या गृहस्थाला इतक्या लोकांच्या पत्रांना उत्तरं लिहायला फुरसत नव्हती. म्हणून त्याने जॉन कॅलकॉट हॉर्स्ली या चित्रकाराकडून चित्र काढून घेतलं आणि हजारेक प्रती छापून हाताने रंगवून घेतल्या. चित्रात घरातली मंडळी पेले उंचावतायत आणि एका लहान मुलीच्याही तोंडाला पेला लावलाय, त्यावरून बरीच ओरड झाली. सांगायचा मुद्दा, छापील कार्ड हा मुळात वेळ वाचवायचा धंदा होता. घडीमोड उलट्या दिशेने निघाल्यात.

निळी_शाई
प्र.का.टा.आ. (प्रतिसाद काढून टाकला आहे.)

चिमटा
क्विलिंग करा! कागदाच्या ३ मिमीच्या पट्ट्या सुईवर गुंडाळायच्या, चिमटा काढून पाकळी करायची. हाताला व्यायामही होतो. फक्त पोस्टाने पाठवू नका. मी बहिणीला मोर पाठवला होता, पोचला तेव्हा रांगोळीवरून सायकल गेल्यासारखा दिसत होता. तिने फोन करून विचारलं, "हा नकाशा कुठला आहे?"

साधीसुधी
सगळ्यांनी एक वाक्य परत वाचाल का? दहा मिनिटं कात्री धरली की हात थरथरतो. त्यांना मोर करायला काय सांगताय.

घडीमोड, मी वर्षाला वीस-पंचवीस कार्डं करते, माझे दोन नियम. पहिला: आधी एकच कार्ड पाकिटात घालेपर्यंत पूर्ण करा आणि घड्याळ लावा. ४० मिनिटं लागली तर २२ कार्डांचे पावणेपंधरा तास झाले. तुमच्या हाताला ते झेपणार नाहीत, डिझाइन तिथल्या तिथे बदला. दुसरा: मजकूर आधी लिहा, सजावट नंतर. मी एकदा तासभर रंगवलेल्या कार्डावर शेवटी मामीच्या नावात चूक केली. कोऱ्या कागदावर चुकलं तर फक्त कागद जातो.

टिपकागद
दुसरा नियम सोन्याचा आहे. मी नेहमी उलटं करतो आणि शेवटी थरथरत लिहितो, हात धडधाकट असूनही.

बोळा
एकसारखं चित्र २२ वेळा हवं असेल तर स्टेन्सिलच्या (आकार कापलेल्या साच्याच्या) नादी लागू नका एवढंच सांगतो. रंग कडेखाली घुसतो. मी मुलाच्या वर्गासाठी ३० फुलपाखरं केली होती, तीसही ढग झाले.

साधीसुधी
रंगात पाणी किती घातलं होतंत? आणि ब्रशने की स्पंजने?

बोळा
ब्रशने. जलरंग होते, पाणी असणारच.

साधीसुधी
तेच तर. स्टेन्सिलला दाट रंग लागतो, पाणी न घातलेला. स्पंजचा तुकडा रंगात टेकवायचा, मग रद्दी कागदावर इतका टिपायचा की जवळजवळ कोरडा वाटेल, आणि उभा धरून ठिपके मारायचे. घासायचं नाही. पहिला हात फिकट येतो, दुसऱ्यात भरतो. स्टेन्सिल मात्र प्लॅस्टिकचं हवं, कागदाचं चार-पाच वेळात लोळागोळा होतं.

बोळा
म्हणजे ब्रशने होत नाही हे माझं बरोबरच होतं.

चमकी
स्टेन्सिल कापणार कोण? मशीन!

निळी_शाई
किंवा खोडरबराचा ठसा. अक्षरं कोरणार असाल तर आरशातल्यासारखी उलटी कोरा. मी एकदा "शुभेच्छा" सरळ कोरून बसले होते. चार दिवसांचं काम. कटर वापरलात तर खाली मॅट ठेवा आणि बोथट झालेलं पातं मोडत चला, बोथट पातं घसरतं. प्लॅस्टिकची पट्टी नको, पातं तीच तासून काढतं.

चिमटा
त्यांचा हात दुखतोय, कटर कसलं सांगताय!

निळी_शाई
मोर सांगणाऱ्यांनी बोलू नये.

घडीमोड
सगळ्यांचे आभार, सगळं दोनदा वाचलं. खिळेकाका, वाकवून पाहिला, तुमचं निदान अचूक. आता दुकानात जाऊन येते.

घडीमोड
(१९ दिवसांनी) झाली. २२ च्या २२.

दुकानात कागद बघत उभी राहिले. २५० जीएसएमचा चांगला कागद हातात घेतला आणि लक्षात आलं की तो कापायचा, रेघ दाबायची, दुमडायचा, हे सगळं २२ वेळा. परत ठेवला. पाकिटं तेवढी घेतली, सी६.

घरी येऊन कपाट उघडलं. फायली अंगावर आल्या. एका फायलीचे दोन पुठ्ठे, एका पुठ्ठ्यातून ए६ चे चार तुकडे. तीन फायलींत २४ झाले. काका, पिवळं पडण्याचं म्हणाल तर त्या आधीच पिवळ्या आहेत, आणखी काय होणार. कापायला भाची आली. यादीत तिचंही नाव आहे, म्हणजे स्वतःचं कार्ड तिने स्वतःच कापलं, तिला ते अजून ठाऊक नाही. घडी घातलीच नाही, नुसतं पोस्टकार्डासारखं ठेवलं.

स्टेन्सिलला प्लॅस्टिक शोधत होते तेव्हा मनगटाचा एक्स-रे सापडला. एकाच फिल्मवर दोन बाजूंनी काढलेले फोटो, खऱ्या हातापेक्षा लहान. भाचीने पंजा आणि मनगटाच्या बाह्यरेषेवरून सगळं कापून काढलं. पंजा लांब झाल्यामुळे फिल्म मधेच लोंबायला लागली, म्हणून तिने मनगटाशी एक बारीक आडवी पट्टी न कापता राखली. रंग मारला तर प्रत्येक हातात नेमकी तिथेच एक कोरी फट. हाड मोडलं होतं तिथेच. ठरवून केलं असतं तर जमलं नसतं.

स्पंज जुन्या उशीतला, निळा पोस्टर रंग, साधीसुधींनी सांगितल्यासारखा कोरडा करून. डाव्या हाताने. एकेकाला चार मिनिटं. पहिले दोन ढग झाले (बोळा, तुमची आठवण आली). मजकूर आधीच लिहिला होता, तोही डाव्याच हाताने, म्हणून दोनच शब्द: "हात दिलात."

साधीसुधी
काय बोलू. पाठवलीत का सगळी?

घडीमोड
अठरा हातोहात दिली, चार पोस्टात टाकली. सपाट आहेत, चुरगळायला काही नाही.

डिंक्या
चिकटवलं काहीच नाही? एक थेंबही?

घडीमोड
पाकिटाची कड. तेवढीच.

खिळे_जुळारी
कल्पना चांगली. पण फायलीचा पुठ्ठा पाकिटात दहा वर्षांनी कडक होऊन तुटेल, हे नोंदवून ठेवतो.

अस्मानी
एक्स-रे कापलात?! पुढच्या तपासणीला डॉक्टर मागतील ना!

घडीमोड
नवा काढलाय, तो जपून ठेवलाय. कापला तो पहिला, मोडलेला.

निळी_शाई
सुंदर. आणि बघा, घडीचा वाद किती निरर्थक होता.

खिळे_जुळारी
निरर्थक नाही. त्यांनी दुमडलं नाही एवढंच. दहा कागदांचं वजन केलंत का?

चमकी
ताई, तीनपैकी एकच वस्तू घेतलीत ना? म्हणजे दोन शिल्लक. त्या मशीनचा एक छोटा प्रकारही येतो, पेटीत सहज मावेल.